गाडीनं ऐकलं नाही

"दाबू नकोस, टेकव," अण्णा म्हणाले. "ब्रेक दाबलास की चाकं अडकतात आणि गाडी घसरत सुटते. नुसता टेकवलास की वजन पुढच्या चाकांवर येतं. मग वळव."

मी टेकवला. माझ्या गाडीनं वळणापाशी नाक खाली घातलं, तांबडी माती उडवली आणि ती स्वच्छ बाहेर पडली.

"आता रेस दे. एकदम नको. एसटीत म्हातारी उभी आहे असं समज."

अण्णा म्हणजे सुहास मगदूम. कोल्हापूरच्या डेपोत ड्रायव्हर, तेव्हा शेहेचाळीस वर्षांचे. सुट्टी मिळाली की उचगावच्या पलीकडच्या माळावर रिमोटच्या गाड्या पळवायला यायचे. या गाड्या खेळण्यातल्या नव्हेत. अर्धा मीटर लांब, साडेतीन किलो वजन, लिंबाएवढं, इंधनावर चालणारं इंजिन आणि सरळ पट्ट्यात साठचा वेग. पिस्तुलासारखा रिमोट हातात धरायचा. ट्रिगर बोटानं ओढला की रेस, पुढं ढकलला की ब्रेक. मी दातांच्या कॅप बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होते, त्यामुळे माझी बोटं स्थिर होती, पण स्वभावात घाई फार. दोन वर्षं अण्णा माझी घाई काढत होते.

त्या रविवारी, बारा वर्षांपूर्वी, आमच्या क्लबची वर्षातली मोठी शर्यत होती. अण्णांची फेरी सकाळी झाली. दुपारी आमची अंतिम फेरी सुरू होण्याआधी त्यांनी मला सरावात एवढं सांगितलं, माझी गाडी उलटीपालटी करून पाहिली आणि मैदानात आपल्या जागेवर जाऊन उभे राहिले. ज्यांची फेरी नसते त्यांनी ट्रॅकच्या कडेला उभं राहायचं आणि उलटलेली गाडी सरळ करून द्यायची, अशी आमच्यात पद्धत होती. माणूस ट्रॅकवर उतरला की मागून येणाऱ्यानं रेस सोडायची, हा क्लबचा पहिला नियम. अण्णांच्या वाट्याला मोठ्या उंचवट्यापलीकडची जागा आली होती. तिथं गाड्या हवेत उडून खाली यायच्या आणि सगळ्यात जास्त उलटायच्याही तिथंच.

आम्ही चालवणारे आठ फूट उंच लाकडी मचाणावर ओळीनं उभे होतो. वीस मिनिटांची फेरी. सांगलीचे एक डॉक्टर पहिले, मी दुसरी. शेवटच्या चक्रात आमच्यात तीन-चार सेकंदांचं अंतर उरलं होतं. डॉक्टरांची गाडी उंचवट्यावरून उडाली, नाकावर पडली आणि उलटली, नेमकी वाटेत. अण्णा ट्रॅकवर उतरले. माझी गाडी उंचवट्याकडे येत होती.

ती उडाली आणि खाली आली तेव्हा अण्णा त्या उलट्या गाडीवर वाकलेले होते.

आवाज फार झाला नाही. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा एकच. माझ्या गाडीचं इंजिन बंद पडलं. अण्णा गुडघ्यावर बसले, मग हळूच आडवे झाले, जणू त्यांना झोप आली होती.

माझ्या शेजारी पोवारमामा उभे होते. बाजीराव पोवार, उद्यमनगरात त्यांचं लेथचं वर्कशॉप होतं आणि क्लब तेच चालवायचे. ते माझ्याकडे वळले.

"इरा, काय झालं?"

"गाडीनं ऐकलं नाही," मी म्हणाले. "मी रेस सोडली होती. तिनं ऐकलंच नाही."

ते शिडीवरून उतरून धावले. मीही धावले. डॉक्टर आमच्या आधी पोचले होते. अण्णांचा डावा गाल फाटला होता आणि डोळा मिटलेला होता. पापणीखालून रक्त येत होतं, पण थोडंच. त्या थोड्या रक्ताकडे पाहून डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी स्वच्छ रुमालाचा पोकळ गोळा करून तो डोळ्यावर दाब न देता बांधला.

"मान हलवू नका," ते अण्णांना म्हणाले. "बोलूही नका."

अण्णा बोलले नाहीत. उजव्या डोळ्यानं त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मला त्या वेळी कळलं नाही, किंवा मी कळू दिलं नाही.

दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तासभर तपासलं. बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "गालाचं हाड तडकलंय, ते भरून येईल. डोळ्याच्या आत रक्त उतरलंय, ती काळजी आहे. तीन दिवस दोन्ही डोळे बांधून ठेवणार. उशी उंच, हालचाल नाही. बुधवारी पट्टी काढू. मागचा पडदा कसा आहे ते रक्त निवळल्याशिवाय सांगता येणार नाही."

"डोळा जाईल का?" पोवारमामांनी विचारलं.

"बुधवारी सांगते."

तेवढ्यात अण्णांच्या पत्नी आल्या. मालनवहिनी घरी ब्लाऊज शिवायच्या. शिलाईवरून उठून तशाच आल्या होत्या. पदराला रंगीत धाग्यांचे तुकडे चिकटले होते. मी त्यांच्याकडे दोन वर्षं जेवले होते, त्यांनी माझ्या बहिणीच्या लग्नातले सगळे ब्लाऊज शिवले होते. त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"कसं झालं गं?"

मी म्हणाले, "वहिनी, गाडीनं ऐकलं नाही."

"तुला लागलं नाही ना कुठं?"

"नाही."

"बस मग. पाणी पी. किती थरथरालीस."

त्या रात्री मला झोप लागली नाही, हे सांगायला नको. पण सोमवारी सकाळी लॅबमध्ये गेल्यावर जे झालं ते सांगितलं पाहिजे. मेणाची कॅप कोरताना माझं उजव्या हाताचं पहिलं बोट उडायला लागलं. डावा हात ठीक होता, बाकीची बोटं ठीक होती, तेवढं एकच बोट. मी ते टेबलाच्या कडेवर दाबून धरलं, तरी उडत राहिलं. शेवटी तब्येत बरी नाही सांगून बाहेर पडले आणि उद्यमनगरात गेले.

पोवारमामांनी माझी गाडी टेबलावर उघडून ठेवली होती. पुढचा दांडा वाकला होता. वरच्या प्लास्टिकच्या टपावर डाग होता. मी तिकडे पाहिलं नाही.

"हे बघ," ते म्हणाले. त्यांनी चिमट्यानं एक बारीक वायर उचलली. "रिमोटचा इशारा घेणाऱ्या भागाची बॅटरी आहे ना, तिची वायर सुटलीय. करंट गेला की तू रिमोटवर काहीही कर, गाडी आहे तशीच जाणार. तुझा काही दोष नाही."

मी वायरीकडे पाहत राहिले.

"कालपासून सगळे मला विचारालेत," ते म्हणाले. "मी सांगून टाकतो, यंत्राचा दोष. क्लबच्या वहीत तसं लिहितो. तू मनाला लावून घेऊ नकोस."

"बरं," मी म्हणाले.

"चहा सांगू?"

"नको मामा. जाते."

बाहेर आल्यावर भिंतीला धरून उभी राहिले. ती वायर आपटल्यावर सुटलेली होती. मला ते ठाऊक होतं आणि ते ठाऊक असणारी मी एकटीच होते, असं मी स्वतःला सांगत होते. सगळ्यांना वाटत होतं की इरा भ्यालीय ती अण्णांच्या डोळ्यासाठी. ते खोटं नव्हतं. पण त्या भीतीच्या खाली दुसरी एक होती, आणि ती जास्त जोरात धडधडत होती: पट्टी काढल्यावर अण्णा काय बोलतील.

मंगळवारी दुपारी मी दवाखान्यात गेले. मालनवहिनी दोन दिवस तिथून हलल्या नव्हत्या.

"तू तासभर बसतेस?" त्या म्हणाल्या. "आंघोळ करून येते. काही मागितलं तर चमच्यानं दे. मान हलवू देऊ नकोस."

त्या गेल्या. खोलीत अण्णा आणि मी. दोन्ही डोळ्यांवर पांढरी पट्टी, डावा गाल सुजून काळानिळा झालेला, हात चादरीवर सरळ ठेवलेले. मला वाटलं झोपलेत. मी खुर्ची न वाजवता बसले.

"इरा," ते म्हणाले.

"अण्णा, मीच. पाणी देऊ?"

"नको. पोवारांनी गाडी उघडली?"

"हो."

"काय म्हणतात?"

"बॅटरीची वायर सुटली होती म्हणे."

बाहेर औषधांची ट्रॉली गेली, तिचं एक चाक कुरकुरत होतं. मग त्यांनी उजवा हात चादरीवरून थोडा पुढं केला.

"हात दे."

मी दिला. त्यांनी चाचपत माझं पहिलं बोट शोधलं आणि मुठीत धरलं. ते उडत होतं. त्यांना कळत होतं आणि त्यांना कळतंय हे मला कळत होतं. मला वाटलं, आता विचारतील. विचारलं तर मी काय सांगणार, तेही मला ठरवता येईना.

"गार पडलंय," एवढंच ते म्हणाले. बोट सोडलं नाही. मालनवहिनींच्या चपलांचा आवाज जिन्यात आला तेव्हा त्यांनी मूठ उघडली.

बुधवारी अकरा वाजता पट्टी काढली. डॉक्टरीणबाईंनी खिडकीचा पडदा अर्धा ओढला, आधी उजवा डोळा उघडला, मग त्यावर हात धरून डावा उघडायला सांगितला. मालनवहिनी पलंगाच्या पायाशी उभ्या होत्या. मी दाराजवळ.

"समोर बघा. काय दिसतं?"

अण्णांनी समोर पाहिलं. पापणी फडफडली, पाणी आलं.

"मालन उभी आहे."

"चेहरा दिसतो?"

"तिचे कान दिसतात. कानातलं दिसतं. पदर दिसतो." ते थांबले. "तोंडाच्या जागी धूर आहे."

"मान न हलवता त्यांच्या नाकाकडे बघा."

"जिथं बघतो तिथं धूर येतो."

डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून बराच वेळ पाहिलं. मग खुर्चीवर बसून शांतपणे सांगितलं की पडद्याचा मधला भाग फाटला आहे, कडेचं दिसत राहील, मधलं परत येणं कठीण. एका डोळ्यावर माणूस सगळी कामं करू शकतो. फक्त गाडी, म्हणजे एसटी, चालवता येणार नाही.

मालनवहिनींनी रडणं गिळलं. त्या पुढं होऊन अण्णांच्या पायावर हात ठेवून उभ्या राहिल्या. डॉक्टरीणबाई गेल्यावर अण्णा म्हणाले, "मालन, खालून थेंब घेऊन ये. चिठ्ठी टेबलावर आहे."

"इरा आणेल की."

"तू आण. मला तिच्याशी बोलायचंय."

वहिनी चिठ्ठी घेऊन गेल्या. मी दारातच होते. पळून जावं असं इतकं वाटलं की माझा एक पाय खरंच उंबऱ्याबाहेर गेला.

"पुढं ये," अण्णा म्हणाले. "उजव्या बाजूला उभी राहा, म्हणजे दिसशील."

मी गेले.

"मी पाठमोरा होतो," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखा होता, वळण समजावून सांगताना असायचा तसा. "पण कान उघडे होते. तुझ्या गाडीचा आवाज मला शंभर गाड्यांत ओळखू येतो. उंचवट्याच्या अलीकडं तो खाली आला. मी म्हटलं, पोरीनं रेस सोडली. म्हणून मी निवांत वाकलो."

मी पलंगाची लोखंडी पट्टी धरली.

"मग आवाज परत चढला. वायर सुटलेल्या गाडीचा आवाज चढत नाही, इरा."

खरं होतं. उंचवट्याच्या पस्तीस-चाळीस फूट अलीकडे असताना मला अण्णा ट्रॅकवर उतरलेले दिसले आणि दोन वर्षांच्या सवयीनं बोट सैल झालं. मग डॉक्टरांची उलटी गाडी दिसली. मनात आलं, आता मी पहिली. अण्णा तोवर बाजूला होतील, ते चपळ आहेत. बोट परत आवळलं. गाडी हवेत असतानासुद्धा वेळ होता. हवेत ब्रेक टेकवला की गाडीचं नाक खाली येतं आणि ती अलीकडेच पडते, हे त्यांनीच शिकवलं होतं. पण अलीकडे पडली असती तर वेग गेला असता. म्हणून मी तेही केलं नाही. ते वाकताहेत हे मला दिसत होतं. शेवटपर्यंत दिसत होतं.

"अण्णा," मी म्हणाले.

"ट्रिगर ओढलास त्याचं मी तुला काही म्हणत नाही. दीड सेकंदात कोण काय करेल सांगता येत नाही. पंचवीस वर्षं रस्त्यावर काढलीत मी, मला माहीत आहे." त्यांनी चांगल्या डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं. "पण नंतर तीन दिवस होते तुझ्याकडं."

मी खाली बसले. पलंगाच्या लोखंडी पट्टीला कपाळ टेकलं.

"काल मी तुझा हात मागितला. म्हटलं आता बोलेल. तू वायरीचं सांगितलंस."

"मी भ्याले होते."

"ते कळलं. बोटात कळलं."

"वहिनींना तुम्ही..."

"मी काही सांगणार नाही. तिलाही नाही, पोवारांनाही नाही. डोळा माझा गेलाय, पण ते सांगायचं काम माझं नाही." त्यांनी डोळे मिटले. "जा आता. दमलोय मी."

मालनवहिनी जिन्याच्या मधल्या टप्प्यावर भेटल्या. हातात थेंबांची पिशवी. मला पाहून थांबल्या.

"काय म्हणाले?"

मला आजही नेमकं सांगता येणार नाही की मी का बोलले. धीर आला म्हणून नव्हे. पण गप्प राहिले असते तर त्या वर गेल्या असत्या, आणि मग पुढच्या प्रत्येक वेळी मला त्यांच्या समोर बसून जेवावं लागलं असतं.

"वहिनी, वायर सुटली नव्हती. गाडीनं ऐकलं होतं. मीच रेस दिली. मला पहिलं यायचं होतं."

त्यांना समजायला वेळ लागला. खालून एक वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आला, आम्ही दोघी भिंतीला सरकलो, तो गेला.

"ते दिसत होते तुला?"

"हो."

"वाकलेले दिसत होते?"

"हो."

"किती लांब होते?"

"साठेक फूट."

त्यांनी मान खाली घातली, जणू ते साठ फूट त्या पायऱ्यांवर मोजत होत्या. मग विचारलं, "त्यांना माहीत आहे?"

"पहिल्यापासून."

"आणि मी तुला पाणी पाजत होते," त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. आवाज उलट खाली गेला. "तुला लागलं का विचारत होते."

मी त्यांच्या पायाशी वाकले. त्या एक पायरी वर सरकल्या.

"नको. तुम्ही जा आता. परत येऊ नका."

त्या मला पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हणाल्या होत्या.

मी तिथून रिक्षा करून थेट उद्यमनगरात गेले आणि पोवारमामांना सांगितलं. त्यांनी लेथ बंद केलं, हात पुसले, वही काढली आणि स्वतः लिहिलेली ओळ रेघ मारून खोडली. त्याखाली खरं ते लिहिलं आणि मला सही करायला लावली. क्लबनं मला दोन वर्षं बंदी घातली. ती संपल्यावरही मी माळावर गेले नाही. बोट उडायचं थांबायला पाच महिने लागले.

अण्णांना डेपोनं गाडीवरून काढून चौकशीच्या खिडकीवर बसवलं. गाड्यांच्या वेळा सांगायचं, फलाट पुकारायचं काम. मी सकाळी लॅबला जाताना स्टँडसमोरून जाणं टाळायचे, कारण भोंग्यातून त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत यायचा. तरी दर दिवाळीला ते स्वतः फोन करायचे. "कशी आहेस? काम काय म्हणतंय?" एवढंच. मालनवहिनींचा आवाज मी बारा वर्षं ऐकला नाही.

गेल्या महिन्यात अण्णा निवृत्त झाले. फोन आला, "रविवारी घरी जेवण आहे. ये." मी म्हटलं, "वहिनींना चालेल?" ते म्हणाले, "ये."

मी गेले. दारात चपलांचा ढीग होता. आत डेपोतली माणसं, नातेवाईक, भाताचा वास. मालनवहिनी दाराशीच उभ्या होत्या, केस पांढरे झालेले, डोळ्यांवर चष्मा. माझ्याकडे पाहत राहिल्या. मला परत फिरावंसं वाटलं.

शेजारी एक वयस्कर बाई होत्या, त्यांच्या कुणी नणंद असाव्यात. त्यांनी विचारलं, "या कोण?"

"ही इरावती शिंत्रे," मालनवहिनी म्हणाल्या. "यांचा डोळा हिच्यामुळं गेला."

त्या बाई गोंधळल्या. आसपासचे दोघे-तिघे वळून पाहायला लागले. मी मान खाली घातली नाही. बारा वर्षांत ते वाक्य माझ्यासमोर कुणी मोठ्यानं उच्चारलं नव्हतं, आणि त्यात एक शब्द कमी नव्हता की जास्त नव्हता.

"चप्पल आत काढ," मालनवहिनी मला म्हणाल्या. "बाहेरची हरवतात. दुसऱ्या पंगतीला बस, मी वाढते."